चंदेरी गाडी आणि बाबांचं पथक

थांबा, थांबा, सगळे एकदम विचारू नका. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळणार नाही आणि मलाच दहा वेळा सांगत बसावं लागेल. आणि ए, अशी बघतेस काय? हे रक्त माझं नाहीये. ड्रेस नवा होता, एवढंच.

तर आमचे बाबा मिनीबस चालवतात, हे तुम्हाला माहितीच आहे. आम्ही लहान होतो ना, तेव्हा आख्ख्या वसाहतीत मिळून एक गाडी होती, डॉक्टरांची, आणि तीही धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. बाकी सगळी दुनिया बाबांच्या मिनीबसमध्ये. दाराला लोंबकळायचे लोक. बाबा ओरडायचे, "अजून दोघं मावतील, पोटं आत घ्या!" आणि खरंच मावायचे. आता बघा. शिंप्याकडे गाडी, गवंड्याकडे गाडी, ज्याच्या घरात धड पंखा फिरत नाही त्याच्या दारात हप्त्यावरची गाडी. गल्लीतून पायी जायचं तरी पोट आत घ्यावं लागतं. आणि मिनीबस सुटते तेव्हा आत चार म्हातारे आणि एखादी कोंबडी.

स्टँडवरच्या निम्म्या मिनीबस भंगारात गेल्या. जे उरले त्यांचे अध्यक्ष आमचे बाबा, आणि त्यांचा उजवा हात म्हणजे हॉर्नकाका. हॉर्नकाका का, तर त्याच्या गाडीचा हॉर्न कधीच बिघडला, तो दुरुस्तच करत नाही, खिडकीतून डोकं काढून स्वतः ओरडतो. लोक बाजूला होतात, खोटं नाही सांगत. दादाला गाडी शिकवली ती त्यानेच. लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरायचा. हे लक्षात ठेवा.

आता गाडीवाले एकटे जातात का? छे! शेजारच्या चौघांना बसवायचं, कारखान्यांकडे न्यायचं, महिन्याचं ठरवून घ्यायचं. परवाना नाही, काही नाही. म्हणजे मिनीबसवाल्यांच्या सरळ पोटावर पाय. पोलिसांना सांगून झालं, अर्ज देऊन झाले, कोणी हिंग लावून विचारलं नाही. तेव्हा बाबांनी पथक काढलं. पाळीपाळीने चारजण एकेक खेप सोडायचे आणि कारखान्यांजवळच्या मोठ्या चौकात, चहाच्या टपरीमागे उभे राहायचे. भाडं मारणारी खासगी गाडी दिसली की धरायची.

पण ओळखायचं कसं? कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? तर बाबांनी युक्ती काढली. म्हणाले, माणूस उतरताना बघा. घरचं माणूस उतरलं की वळतं. खिडकीत वाकतं, काहीतरी बोलतं, निदान हात तरी करतं. भाड्याचा माणूस दार लावतो आणि चालू पडतो. "जन्मभर माणसं उतरवलीत मी," बाबा म्हणाले, "नुसती पाठ बघून सांगतो."

आणि धरल्यावर काय करायचं, तेही बाबांनीच ठरवलं. आधी पुढची काच फोडायची, म्हणजे त्याला पळता येत नाही. मग त्याला बाहेर ओढायचं, उजवा हात दाराच्या फटीत ठेवायचा आणि दार लावायचं. धाडकन. बस. पुढचे तीन-चार महिने तो स्टिअरिंग धरत नाही.

ईऽऽ काय करताय, खरंच करतात! मागे एका मास्तरांना धरलं होतं. ते नंतर डाव्या हाताने फळ्यावर लिहायचे, पोरं हसायची. त्या दिवशी बाबा घरी आले, हातपाय धुतले, नेहमीसारखे जेवायला बसले. मी वाढत होते. मी त्यांच्या हाताकडे बघतच नव्हते.

आता दादा. दादाचं आणि बाबांचं बोलणं बंद आहे. दादा म्हणायचा, "बाबा, मिनीबसचे दिवस गेले, विकून टाका." बाबा म्हणायचे, "आधी तुला विकतो, बघू कोण घेतो." एक दिवस भांडण फार वाढलं आणि दादा वहिनीला घेऊन तिच्या माहेरच्या भागात राहायला गेला. बाबांना वाटतं तो गोदामात कामाला आहे. कसलं गोदाम! त्याने जुनी चंदेरी गाडी घेतली आणि रोज सकाळी चौघांना कारखान्यांकडे नेतो. मला माहिती होतं. वहिनीला माहिती होतं. बाबांना नाही.

दादाला बाबांची युक्ती माहिती होती, घरचाच ना तो! म्हणून त्याने काय करावं? सगळ्या प्रवाशांना निरोप घ्यायला शिकवलं. अहो, तालीम घेतली तालीम! एक नर्सबाई, दोघं कारखान्यातली पोरं आणि एक बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, कुठल्यातरी कंपनीत हिशेब बघायला जाणारे. नर्सबाईने म्हणायचं, "वहिनीला सांग रे, रविवारी येते." पोरांनी म्हणायचं, "दादा, सावकाश जा." आणि आजोबांचं तर विचारूच नका, त्यांना एवढी गोडी लागली की खिडकीत वाकून दादाच्या डोक्यावरून हात फिरवायचे, "जेवून घे रे वेळेवर, किती वाळलायस!" दादा सांगायचा, आजोबा, थोडं कमी करा.

आज माझा नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस त्या चौकापलीकडेच. दादा म्हणाला, चल, सोडतो. खिडक्या उघड्या, गाडीतला एसी नावापुरता, म्हणून मी तोंडाला स्कार्फ बांधलेला, केसांचं वाटोळं व्हायला नको. पुढे मी, मागे ते चौघं दाटीवाटीने. आणि सगळा रस्ता मी दादाशी भांडतेय. म्हटलं, "बाबांना सांगून टाक एकदाचं. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर?" तो म्हणतो, "तू तुझं बघ." मी म्हटलं, "माझं काय बघ? तू घाबरट आहेस." तो म्हणतो, "आणि तू त्यांची चमची." बघा! मी चमची!

चौकात गाडी थांबली. नर्सबाई उतरली, वळली, "वहिनीला सांग रे, रविवारी येते." झकास. पोरं उतरली, "दादा, सावकाश जा." आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला. सगळं कसं व्यवस्थित. मग मी उतरले, दार आपटलं आणि चालू पडले.

मी कशाला वळू? माझा सख्खा भाऊ तो! तुम्ही वळता का घरच्या माणसाकडे बघून, "अहो दादा, येते हं"?

आणि मागे शिट्टी वाजली.

ती शिट्टी हॉर्नकाकाची. मी थबकले. टपरीमागून चौघं पळत आले. हॉर्नकाका, ते दोघे ड्रायव्हर भाऊ, ज्यांना सगळे जोडी म्हणतात, आणि पुढे, सगळ्यात पुढे, हातात टॉमी घेऊन बाबा. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायची ती जाड लोखंडी सळई. उन्हाची तिरीप थेट काचेवर होती, आत कोण आहे ते दिसतच नव्हतं. बाबांनी दोन्ही हातांनी टॉमी उचलली आणि घातली काचेवर. एकदा. पांढरं जाळं झालं नुसतं. दुसऱ्यांदा, आणि आख्खी काच आत कोसळली.

आणि आत दादा. कपाळातून रक्त, मांडीवर काचा, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर.

बाबांच्या हातातून टॉमी पडली. ठण्ण! मला तिथून ऐकू आलं. दादा बाबांकडे बघतोय, बाबा दादाकडे, आणि दादा एक शब्द बोलला नाही. "बाबा" असंसुद्धा म्हणाला नाही. मला तेव्हाच कळलं, तो का गप्प आहे ते. जोडीसमोर त्याने तोंड उघडलं असतं तर बाबांची अध्यक्षगिरी तिथेच संपली असती.

हॉर्नकाका दुसऱ्या बाजूने आला, त्याने चेहरा बघितलाच नाही. दार उघडलं, कॉलर धरून ओढला दादाला, आणि तोंडावर गुडघा घातला. एक दात उडाला, मी बघितलं, पांढरा, डांबरावर. जोडीतल्या मोठ्याने पोटात लाथ घातली. धाकट्याने पाठीत. दादा गाठोड्यासारखा पडलेला आणि हे तुडवतायत, नुसते तुडवतायत, आणि आजूबाजूला गाड्या, गाड्या, गाड्या, प्रत्येकीत एकेकटा माणूस, हॉर्न वाजवतोय की रस्ता मोकळा करा.

आणि ते आमचे गोड नातेवाईक? नर्सबाई रस्ता ओलांडून गेलेली. पोरं पळाली. एकानेही मागे बघितलं नाही.

मी धावले. हातात काय, तर डब्याची पिशवी. तीच फिरवून घातली हॉर्नकाकाच्या कानशिलात. डबा फुटला, सगळी आमटी त्याच्या अंगावर. तो फिरला आणि मला अशी थोबाडीत दिली की मी बॉनेटवर आपटले. स्कार्फ सुटला. "कोण गं तू भव..." आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

"पोरी, तू?"

"हो, मी! आणि खाली बघ, कोणाला तुडवतोयस!"

त्याने खाली बघितलं. दादा तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "काका, बास."

आता बाबा पुढे झाले. आवाज असा फाटलेला, मी कधी ऐकला नव्हता. "माझी पोरं आहेत ही. सोडा. बहिणीला सोडायला आलेला तो."

हॉर्नकाकाने शर्टवरची आमटी निपटली. "बहीण आहे तर वळून का नाही बघितलं तिने?"

"आमच्या घरात कोण बघतं वळून?" मी ओरडले. "तुझी बायको बघते का तुझ्याकडे?"

जोडीतला धाकटा फिस्सकन हसला. मोठ्याने त्याला कोपर मारलं. हॉर्नकाका मात्र बाबांकडेच बघत होता. "अध्यक्ष, एकच सांगा. हा भाडं मारतो का?"

बाबा म्हणाले, "नाही."

माझ्या बाबांनी आयुष्यात स्टँडवर खोटं सांगितलेलं नाही. ते म्हणाले म्हणजे झालं, असं असतं तिथे. हॉर्नकाकाने मान हलवली. खाली वाकला, दादाला उठवायला हात दिला. मी श्वास सोडला. संपलं होतं, खरंच सांगते, संपलं होतं!

आणि गर्दीतून वाट काढत, छत्री विसरली म्हणून, आजोबा परत आले.

"अरे अरे अरे, अपघात झाला वाटतं! पोरा, लागलं का रे?" असं म्हणत काच फुटलेल्या गाडीत डोकं घालून छत्री शोधतायत. छत्री मिळाली. मग म्हणतात कसे, "म्हणजे उद्या गाडी येणार नाही? आमचं काय मग? महिन्याभराचं आगाऊ दिलंय मी!"

आजोबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना काय समजलं देव जाणे, छत्री काखेत मारून निघून गेले.

हॉर्नकाका म्हणाला, "मास्तरांच्या वेळी त्यांची बायको पाया पडली होती तुमच्या. आठवतं?"

बाबा खाली पडलेल्या टॉमीकडे बघत राहिले.

"तेव्हा तुम्ही काय म्हणालात? नियम म्हणजे नियम. आज पोरगा आहे म्हणून नियम नाही? मग उद्यापासून पथकात कोण येणार? ही जोडी येईल?" तो ओरडत नव्हता, हे सगळ्यात भयंकर. तो माणूस बोलतो तेव्हा रस्ता हादरतो, आणि तेव्हा अगदी हळू बोलत होता. "माझी गाडी गेल्या महिन्यापासून उभी आहे. माझा मुलगा शाळा सोडतोय. दार लावा अध्यक्ष."

मी बाबांचा दंड धरला. त्यांनी मला झटकलं. दादा उठला. कसाबसा, गाडीला धरून. पुढचं दार उघडं होतं. त्याने स्वतःच आपला उजवा हात चौकटीवर ठेवला, बोटं फटीत. म्हणाला, "लावा बाबा. उगाच तमाशा नको."

बाबांनी दाराला हात लावला. लावेनात. सोडवेनाही. मी ओरडतेय, "बाबा नको, बाबा नको," आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवतोय, पीं पीं पीं, जसं काही आम्ही तिथे पत्ते खेळतोय.

"सरका," हॉर्नकाका म्हणाला, आणि पाय उचलला.

डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. हॉर्नकाकाची लाथ दारावर बसली आणि त्याच क्षणी बाबांनी आपला हात दादाच्या हातावर ठेवला. वर. झाकल्यासारखा. दार बसलं. तो आवाज मी तुम्हाला नाही सांगू शकत. ओली काटकी मोडल्यासारखा, पण आतून. दादा किंचाळला. बाबा नाही. बाबांचं तोंड उघडलं, आवाजच नाही.

मग मी टॉमी उचलली. कधी उचलली आठवत नाही. हॉर्नकाकाचा पाय अजून दारावर होता, दुसऱ्या पायावर सगळा भार. त्या गुडघ्यावर घातली. सगळा जोर लावून. वाटी फुटली त्याची, मला हातात जाणवलं. तो कोसळला, आणि मी परत उचलली, आणि मी घातली असती, डोक्यात घातली असती, मी तुम्हाला खरं सांगते, मला थांबायचंच नव्हतं. ज्याच्या खांद्यावर बसून मी फिरले, त्याच्या डोक्यात.

"पोरी!" बाबा म्हणाले. "आधी दार उघड."

दार उघडलं. दोन हात, पण कोणाचं बोट कुठलं कळत नव्हतं. माझ्याकडे स्कार्फ एकच. तसेच एकत्र गुंडाळले दोन्ही हात, गच्च. जोडी? जोडी केव्हाच पळाली होती. मी बाबांना आणि दादाला मागच्या सीटवर ढकललं, पुढच्या सीटवरच्या काचा पिशवीने झाडल्या आणि बसले. रविवारी रिकाम्या स्टँडवर बाबांनी शिकवलंय मला, पण मिनीबसवर. ही गाडी पहिल्यांदा. किल्ली फिरवली तर बाबा म्हणतात, "थांब. त्याला घे."

"कोणाला?"

"त्याला. रस्त्यात पडलाय तो."

मी म्हटलं, मरू दे. बाबा म्हणाले, घे. काय करणार? उतरले. एवढा धिप्पाड माणूस, शिव्या देतोय, मला देतोय, दादाला देतोय, स्वतःच्या गुडघ्याला देतोय. ओढत आणला, पुढच्या सीटवर कोंबला. पाय सरळ ठेवता येईना, तर काच नव्हतीच, पाय बॉनेटवर बाहेर. तशी निघाले आम्ही.

आणि पुढे काय, तर कोंडी. दवाखान्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मधे अडकलेल्या गाड्या, सगळ्या बंद काचांच्या, आत एकेक माणूस, फोनवर बोलतोय. मी हॉर्न दाबला तर वाजलाच नाही. मार लागून तार तुटली असणार. मागे स्कार्फमधून रक्त टपटप गळतंय, दादाची मान लुळी पडायला लागली. "दादा, झोपू नको!" बाबा डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारतायत, "ए, डोळे उघड, ए घाबरटा, डोळे उघड."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "काय करू? जागाच नाहीये!"

"डावीकडून घाल," बाबा म्हणाले.

"डावीकडे गाड्या उभ्या आहेत!"

"घाल म्हणतो ना!"

आणि हॉर्नकाकाने मी सीटशेजारी टाकलेली टॉमी घेतली. मला वाटलं आता मला मारतोय. तो त्या काच नसलेल्या जागेतून कमरेपर्यंत बाहेर झुकला आणि त्याने तोंड उघडलं. "बाजूऽऽऽ! बाजूला व्हा हरामखोरांनो! माणूस मरतोय!" आणि शेजारच्या गाडीच्या छपरावर टॉमी हाणली. ती सरकली. पुढची नाही सरकली, तिचा आरसा उडवला. तिच्या पुढचीचा पण. मी घातली डावीकडून, खर्र खर्र घासत, उभ्या गाड्यांचे आरसे एकेक करून फटाफट तुटतायत, गाडीवाले बाहेर येऊन ओरडतायत, आणि हा माणूस फुटका गुडघा घेऊन वेड्यासारखा हाणतोय, रडतोय आणि हाणतोय. चार पदरी रस्ता कापल्यासारखा दुभंगला, आई शप्पथ.

दवाखान्यात पोचलो. तिघांना एकाच खोलीत आडवं घातलं. डॉक्टरीणबाई आल्या, स्कार्फ बघितला, विचारलं, "काय झालं?"

बाबा म्हणाले, "अपघात."

दादा म्हणाला, "अपघात."

हॉर्नकाका म्हणाला, "अपघातच हो."

तिघं! ज्यांचं आयुष्यात एकमत झालं नाही ते तिघं! बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गालावर हॉर्नकाकाची पाच बोटं उमटलेली. मी म्हटलं, "मारामारी. त्या दोघांचे हात दारात चिरडले, यांनी लाथ घातली म्हणून. यांचा गुडघा मी फोडला. आणि हे काही पहिल्यांदा नाही, एक मास्तर पण आहेत." बाबांनी डोळे मिटले. मी बोलत राहिले. बाहेर हवालदार होता, त्यालाही तेच सांगितलं, सगळं, बाबांसकट.

मग शस्त्रक्रिया. बाबांच्या हाताची दोन बोटं काढावी लागली. दादाची हाडं मोडलीयत पण सगळी जागेवर आहेत. बाई म्हणाल्या, वर दुसरा हात नसता तर पंजाच गेला असता.

बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. मघाशी मी पाणी पाजायला गेले तर तोंड फिरवलं. पण मी तिथेच उभी होते, तेव्हा नर्सने दादाच्या पलंगापाशी जाऊन सांगितलं, "बोटं हलवून दाखवा." दादाने डोळे गच्च मिटले. आधी काहीच नाही. मग प्लॅस्टरमधून अंगठा हलला. मग त्याच्या शेजारचं बोट. आणि मी बघितलं, पलीकडच्या पलंगावर बाबा कोपरावर उठून बसले होते, आणि मोजत होते.